बॅटरीचं पाणी आणि हबीबचाचांची क्लॅरोनेट

माझ्या सगळ्या पँटींना मांडीपाशी बारीक भोकं आहेत. उंदरांची नाहीत, गरिबीचीही नाहीत, धंद्याची आहेत. मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. काम करताना ॲसिडचा थेंब उडतो. तेव्हा काही म्हणजे काही होत नाही, तुम्ही खूश. मग पँट धुतली जाते, वाळते, आणि एक दिवस तिथून मांडी दिसायला लागते. ॲसिड घाईत नसतं. एवढं लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतला खलनायक तेच आहे. मूर्ख मात्र मी आहे.

चंद्रपुरात माझं घर. गाडीमागे बांधलेल्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणि उशांच्या चार जुन्या खोळी. खोळी कशाला, असं जंगलातल्या नाक्यावर कुणी विचारलं की मी अगदी गंभीर चेहरा करून सांगतो, "साहेब, कुठे काही चांगलं सापडलं तर गुंडाळून न्यायला." मग पिशवी फार नीट तपासली जाते. मला या कार्यक्रमाची सवय झाली आहे.

सापडायला हवी असते ती तबकडी. एलपी रेकॉर्ड. तीही सुंदर ध्वनिमुद्रण असलेली. लोकांना वाटतं, गाणं चांगलं म्हणजे रेकॉर्ड चांगली. अजिबात नाही! मोठा गायक, गोड चाल, आणि मुद्रण असं की बिचारा पिंपात बसून गातो आहे. उलट कुणी नाव ऐकलेलं नाही असा एखादा वादक असतो, पण सुई टेकली, डोळे मिटले, की तो तुमच्यापासून तीन हातांवर येऊन बसतो. तो श्वास कधी घेतो ते कळतं. त्याच्या मागची भिंत किती लांब आहे ते कळतं. तबलेवाल्यानं हातोडी खाली ठेवली ती उजव्या हाताला, हेही कळतं. मायक्रोफोनपुढे माणसं बसली, कुणीतरी मन लावून ती जागा पकडली, आणि तेवढी हवा त्या काळ्या चकतीत राहिली. ही चकती मिळवण्यासाठी मी सत्तावीस वर्षं दोन जिल्हे पालथे घालतो आहे. बॅटऱ्या दुरुस्त होतात तो आपला मधल्या वेळचा उद्योग.

घरी माझं यंत्र आहे. ॲम्प्लिफायर मी जुळवला, आणि स्पीकरची दोन खोकी अहेरीच्या सुताराकडून अस्सल सागवानात करून घेतली. कुंदा, म्हणजे माझी बायको, घरी शिवणकाम करते. माझ्या पँटींना ठिगळंही तीच लावते. खोकी आली त्या दिवशी तिनं त्यांच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "एवढ्या सागवानात पलंग झाला असता. त्याच्यावर झोपता तरी आलं असतं."

"यांच्यापुढे बसायचं असतं."

"हो का? मग पूजा पण घालू का रोज?"

आता आमच्या भागात तबकड्या कुठे मिळतात? लाऊडस्पीकरवाल्यांकडे. पूर्वी लग्न म्हटलं की झाडावर भोंगा बांधायचे आणि त्यावर रेकॉर्ड वाजायच्या. त्या लोकांकडे पेट्या भरून माल असायचा. पण त्यांच्या मशीनची सुई म्हणजे सुई कसली, खिळा! लग्नात जे गाणं चालतं ते शंभरदा वाजवलेलं, त्यामुळे ती बाजू खरवडून निघालेली. मी ती बघतच नाही. मी उलटतो. जे गाणं कुणी मागितलंच नाही, ती बाजू कोरी करकरीत असते. कव्हरवर बॉलपेननं 'हळद', 'वरात', 'बिदाई' असं लिहिलेलं असेल, तर काही लिहिलेलं नाही तिकडे बघायचं, हा माझा नियम.

त्यांची आणखी एक रीत होती. एकाच मांडवात दोन सर्व्हिसवाले आले की रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची. म्हणून प्रत्येक जण कंपासच्या टोकानं तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर आपलं नाव कोरून ठेवायचा. मी रेकॉर्ड हातात घेतली की आधी ते नाव वाचतो, आणि ती किती सोसून आली असेल त्याचा अंदाज बांधतो.

शोधात सगळीच शिकार साधते असं नाही. एकदा जिवतीच्या डोंगरात एका शेताच्या कडेला उभा होतो. बांधाला काठ्या रोवलेल्या, आणि काठ्यांना कॅसेटची टेप ताणून बांधलेली. वारा आला की ती भुर्र वाजते आणि पाखरं पळतात. मी टेप निरखत होतो. शेतकरी आला.

"काय पाहून राह्यले जी?"

"भाऊ, ही कोणती कॅसेट होती?"

"पाखरायची."

"नाही, म्हणजे तिच्यात गाणं कोणतं होतं?"

त्यानं माझ्याकडे, मग टेपकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "गाणं मले नाई मालूम. पण साळुंक्या अजाबात बसत नाईत. भारी कॅसेट आहे."

मी त्या टेपला नमस्कार करून निघालो. काम चोख करत होती बिचारी.

आता मुख्य गोष्ट. चिमूरला मेश्रामबाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्या इन्व्हर्टरला पाणी पाजायला मी दर चार महिन्यांनी जातो. बाई कडक. बॅटरीतल्या पाण्याची पातळीसुद्धा पट्टी लावून तपासतात. एकदा चहा पिताना मी माझं पुराण लावलं: खोलीतली हवा, मागची भिंत वगैरे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी पहिली नेमणूक अहेरीची. तिथे बँडात हबीबचाचा होते, क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नाची वरात थांबायची त्यांच्यासाठी. नवरदेव घोड्यावरून उतरून ऐकायचा. नागपूरच्या कुण्या छोट्या कंपनीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली होती. सत्तारकडे असेल, त्यांच्या पुतण्याकडे. साउंड सर्व्हिस आहे त्याची."

"वाजवली असेल भोंग्यावर," मी हिरमुसून म्हटलं.

"सत्तार? हबीबचाचाले भोंग्यावर? नाही जी." एवढं बोलून त्यांनी पट्टी उचलली. "त्या चौथ्या खान्यात पाणी कमी घातलं तुम्ही."

पुढच्या आठवड्यात अहेरीतल्या एका कार्यालयाची बॅटरी बिघडली. म्हणजे बिघडली नव्हती, पण मी फोनवरच सांगितलं की लक्षण वाईट आहे, प्रत्यक्ष पाहावं लागेल.

सत्तारभाई सत्तरीचे. दुकानात आता मोठे डीजे बॉक्स रचलेले, आणि त्यांच्यामध्ये हे खुर्चीवर, डोळ्यांत मोतीबिंदू. मी रेकॉर्डचं नाव काढताच म्हणाले, "विकायची नाई."

"विकत नकोच. फक्त ऐकायची."

"तू कोण?"

"बॅटरीवाला."

"बॅटरीवाल्याले क्लॅरोनेटचं काय काम?"

मग मी जे सुरू झालो! हवा, भिंत, श्वास, सगळं. हात हलवून, डोळे मिटून, एकदा तर दुकानात उभं राहून तबला कुठे आणि क्लॅरोनेट कुठे ते दाखवलं. सत्तारभाई ऐकत राहिले. मग आत गेले आणि पेटीच्या तळातून एक तबकडी घेऊन आले. कव्हर साधं, फुलाच्या चित्राचं. त्या कंपनीच्या सगळ्या रेकॉर्डींना तेच. त्यावर नाव नाही, गाव नाही. त्यांनी तबकडी अर्धी बाहेर काढली आणि मधल्या निळ्या कागदावर अंगठा ठेवला.

"मले दिसत नाई आता. वाच."

मी वाचलं. "क्लॅरोनेट, शेख हबीब, अहेरी."

"दुसऱ्या बाजूले?"

"शेख हबीब, अहेरी."

"बाप नव्हता मले. यानं वाढवलं. याचं नाव दुनियेत इथीच छापलेलं आहे. रेशनकार्डावर पण चुकीचंच होतं." ते हसले. "मी दोनदाच लावली. माझ्या मशीनवर घूंऽऽ असा आवाज येते, सुई म्हणजे खिळा. तिसऱ्यांदा लावली असती तर चाचा सोलून निघाला असता. तुझ्या मशीनवर खरंच माणूस समोर बसते?"

"तीन हातांवर."

"मंग ने. साफ करून ठेव. आठ दिवसांनी डोळ्याच्या डॉक्टरकडे चंद्रपूरले येतो, तवा तुझ्या घरी ऐकीन आणि घेऊन जाईन."

मी मधली पट्टी पाहिली. त्यांचं नाव कोरलेलं नव्हतं. "इथे तुमचं नाव नाही कोरलं?"

"चाचावर माझं नाव टाकू का बे?"

मी तबकडी दोन खोळींत गुंडाळली आणि अहेरी ते चंद्रपूर गाडी अशी चालवली की जणू मागे पोर झोपलं आहे.

तबकडी न धुता वाजवायची नाही, हा माझा दुसरा नियम. सुईखाली धूळ आली की ती खाचेला घासते. धुवायला डिस्टिल्ड वॉटरसारखं काही नाही; त्यात क्षार नसतात, वाळल्यावर डाग राहत नाही. आणि बॅटरीवाल्याकडे ते बक्कळ. मधल्या कागदावर कुंदाच्या पिठाच्या डब्याचं झाकण दाबून ठेवायचं आणि भोवती मऊ कापसानं पुसायचं.

त्या दिवशी घरी पोचलो तो नाचतच. झाकणात पीठ होतं, कुंदा म्हणाली थांबा, मी कुठला थांबतो! झाकणाशिवायच बसलो. पिशवीतली बाटली काढली, कापूस भिजवला, बाजू एक, बाजू दोन, मधेही दोन-चार थेंब गेले, जाऊ देत, पाणीच आहे. आणि मग बोटाला आदल्या दिवशी कापलं होतं तिथे झोंबायला लागलं.

पाणी झोंबत नाही.

दोन दिवसांपूर्वी एका दवाखान्यातली नवी बॅटरी भरताना ॲसिड थोडं उरलं होतं. कॅन मोठा, म्हणून ते मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. पाण्याच्या बाटलीत ॲसिड कधीही भरू नका, हे मी दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट नाचवून सांगतो. मेश्रामबाईंना तर दोनदा सांगितलं होतं.

तबकडी घेऊन नळाकडे धावलो. आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत सुबक चूक केली. कागद भिजून खराब होऊ नये म्हणून त्यावर तळहात धरला आणि फक्त काळा भाग धुतला. प्लॅस्टिकला त्या ॲसिडानं काहीच होत नाही. ज्याला होतं, तो कागद मी प्रेमानं पाण्यापासून वाचवला!

दुसऱ्या दिवशी निळा कागद तपकिरी झाला, तिसऱ्या दिवशी काळा. चौथ्या दिवशी मी फुंकर मारली तर करपलेल्या पापडासारखा उडाला. दोन्ही बाजू. शेख हबीब गेले, अहेरीही गेली.

त्याच दिवशी सत्तारभाईंचा फोन आला. "सुना क्या, बॅटरीभाऊ?"

"ऐकून राह्यलो न," मी म्हटलं.

"बसते का समोर?"

"बसते."

हे मात्र खरं होतं. आवाज शाबूत आहे का ते बघायला मी सुई टेकवली, आणि काय सांगू तुम्हाला! मोठा हॉल, लाकडी जमीन, आणि मधोमध एक माणूस. सूर लावण्याआधी नाकानं श्वास घेतो तोसुद्धा गोल. क्लॅरोनेटच्या खुंट्यांची टिकटिक. तबला जरा मागे, डावीकडे. इतकं सच्चं मुद्रण मी सत्तावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी एकाच वेळी टाळ्या वाजवत होतो आणि डोकं धरत होतो. सूर संपला की लगेच सुई उचलत होतो, कारण रिकाम्या खाचेत सुई झिजवायची नाही, हा माझा तिसरा नियम.

"फोन करा आणि सांगून टाका," कुंदा म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या चाचांचं नाव मी खाल्लं?"

"हो. तसंच सांगा."

मी सांगितलं नाही. मी नाटक रचलं. आमच्या छंदात तबकडीवर मधोमध एक पितळी वजन ठेवतात. ती हलत नाही, आवाज स्थिर येतो. माझं वजन कागदाएवढंच रुंद होतं. सत्तारभाई यायच्या आधी तबकडी लावून, वर वजन ठेवून मी तयार. ऐकवायचं, रंग भरला की हळूच कबुली द्यायची. तेही न जमलं तर वजन त्यांना भेट द्यायचं, असाही एक हलकट विचार मनात येऊन गेला.

आठव्या दिवशी दुपारी सत्तारभाई डोळ्यात औषध घालूनच आले. कुंदाच्या शिलाई मशीनजवळ चप्पल काढली, मला म्हणाले, "बसव मले बरोबर जागेवर." दोन खोक्यांच्या मधोमध खुर्ची होती, तीत बसवलं. मी दुसरी बाजू लावली. तीत चाचा जास्त खुलले होते.

पहिला श्वास आला आणि सत्तारभाईंचे हात खुर्चीवरून सुटले. डोळे मिटलेले, औषधाचं पाणी की दुसरं काही, गालावर ओघळत होतं. मधे एकदा फक्त म्हणाले, "कुबडा बसत होता, अजून तसाच बसून राह्यला." आवाजावरून माणसाची बसण्याची ढब ओळखली त्यांनी. मी इतकी वर्षं कान कमावले असं समजत होतो!

सूर संपला. मी सवयीनं उठलो. सत्तारभाईंनी माझं मनगट पकडलं.

"बस."

"सुई उचलतो."

"काऊन? भोंगेवाला कधी उठत नाई. मांडवात चहा पीत बसते, अन् रेकॉर्ड आपली फिरत राह्यते. बस खाली."

मी बसलो. सुई रिकाम्या खाचेत सरकली. काही क्षण नुसती त्या हॉलमधली शांतता. मग खुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला. आणि समोरून, तीन हातांवरून, एक जाडसर आवाज अगदी सहज म्हणाला,

"हो गया क्या? अब चाय बोलो रे."

"आणते, आणते! दोनच मिनिटं, भाऊ!" आतून कुंदा ओरडली.

सत्तारभाईंची पकड माझ्या मनगटावर आवळली. "कोण बोललं?"

मी फिरत्या तबकडीकडे पाहत होतो.

"चाचा बोलला," ते म्हणाले. "बॅटरीभाऊ, चाचा बोलला. दोनदा लावली मी, घूंऽऽ शिवाय काही आलं नाई. पुन्हा लाव. तेवढंच."

पुन्हा लावलं. पुन्हा खुर्ची करकरली, पुन्हा खाकरणं, पुन्हा चहा. मी सुई उचलून तबकडी थांबवली. सत्तारभाई उठले, हात पुढे करून चाचपडत माझ्या यंत्रापाशी गेले. मला कळलं ते कुठे निघालेत. "भाऊ, थांबा, मला एक सांगायचं," असं म्हणेपर्यंत त्यांनी पितळी वजन उचललं आणि कागदावर अंगठा टेकवला. म्हणजे जिथे कागद होता तिथे.

अंगठा थांबला. गोल फिरला. पुन्हा फिरला.

"कागद कुठी आहे?"

मी सगळं सांगितलं. बाटली, झाकण, तळहात, फोनवरची लपवाछपवी, वजनाचं नाटक. सांगताना पहिल्यांदाच आयुष्यात मी हात हलवले नाहीत.

सत्तारभाई भडकले. घर हललं. "नाव खाल्लं तू चाचाचं! मोठा आला हवा ऐकणारा! मले दिसत नाई म्हणून झाकून ठेवलं? आंधळ्याले फसवत होता बे?" मी मान खाली घालून उभा. त्यातला शेवटचा प्रश्न अजूनही कधीकधी गाडी चालवताना ऐकू येतो.

तेवढ्यात कुंदा ट्रे घेऊन आली. "घ्या भाऊ, चहा. आलं जास्त घातलं आहे."

"मी कुठी मांगला चहा?" ते रागातच म्हणाले.

"आत्ता तर म्हणाले न तुम्ही. चाय बोलो रे म्हणून."

सत्तारभाई तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "तुले वाटलं, मी बोललो?"

"नाहीतर कोण? आणखी कोण आहे इथे?"

सत्तारभाई खाली बसले, तबकडी मागून मांडीवर घेतली, आणि एका हातानं चहाचा कप घेतला. राग गेला नव्हता, पण त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "कंपास आहे घरात?"

कंपास नव्हता. कुंदानं कापडाला भोक पाडायचा टोच्या आणला. मी तो सत्तारभाईंच्या हातात देऊ लागलो.

"मले कशाले देतो? खाल्लं तू, लिही पण तू."

आणि मग मी, दोन जिल्ह्यांत तबकडीवर बोटाचा ठसा उमटला तरी तळमळणारा माणूस, जिथे कागद होता त्या उघड्या काळ्या गोलावर टोच्यानं एकेक अक्षर कोरायला लागलो. शेख हबीब. अहेरी. प्रत्येक अक्षर झालं की सत्तारभाई त्यावर अंगठा फिरवून तपासायचे. मेश्रामबाईंची पट्टी परवडली. 'हबीब'मधला दुसरा ब उथळ गेला म्हणून पुन्हा खोल करायला लावला. मग तबकडी उलटली आणि दुसरी बाजू.

निघताना त्यांनी ती नेली नाही. मी खोळीत गुंडाळून पुढे केली तर म्हणाले, "इथी राहू दे. माझ्या मशीनवर चाचा बोलत नाई. पण विकली तर याद राख." आणि दारातून, "अन् पाण्याची बाटली दूर ठेव."

आता त्यांचा मोतीबिंदू निघाला आहे. डॉक्टरांना दाखवायला काही उरलेलं नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांनी अहेरीच्या बसमधून उतरतात आणि सरळ आमच्याकडे येतात. आल्याबरोबर माझी कोरीव अक्षरं उजेडात धरतात आणि "बेकार हँडरायटिंग" असं म्हणून ऐकायला बसतात. ॲसिडच्या कॅनवर मी लाल रंगात मोठ्ठी फुली मारली आहे. ॲसिड घरात येत नाही. आणि घरातल्या जवळजवळ तीनशे तबकड्या मी पुन्हा पहिल्यापासून लावून बघतो आहे, या वेळी शेवटपर्यंत. इतकी वर्षं सूर संपला रे संपला की सुई उचलली. कुणाकुणाचं बोलणं मधेच तोडलं असेल, देव जाणे. आतापर्यंत एक खोकला, एक दार आणि एका तबलेवाल्याची जांभई मिळाली आहे.

हबीबचाचांची दुसरी बाजू लागली की कुंदाचा पाय मशीनवरच असतो. कापड सरकत असतं, ती वर बघतही नाही. पण शेवटच्या सुराला मशीन थांबतं. ती उठते, गॅस पेटवते, आणि खुर्ची करकरायच्या आत स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो:

"ठेवला, चाचा."